जुन्या पात्याला जुनी मूठ

प्रश्न : घरातल्या जुन्या तलवारीला त्याच काळाची मूठ नागपुरात कशी शोधावी?

उत्तर : आधी नमुना ओळखावा. उदाहरणार्थ, राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवलेल्या नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फिरंग तलवारीचे पाते युरोपीय, सरळ, एकधारी. मूठ मात्र इथली, सोन्याच्या नक्षीची. म्हणजे पाते एकीकडचे आणि मूठ दुसरीकडची असणे हीसुद्धा अस्सल मराठा रीतच. मुठीचा घाट पारखण्यासाठी अजब बंगल्यातील (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील) शस्त्रदालन पाहावे. भारतीय तलवारीची मूठ बहुधा पात्याच्या शेपटीवर (मुठीत शिरणाऱ्या टोकावर) तापवलेल्या राळेने बसवलेली असते. म्हणून शेपटीची लांबी-रुंदी मोजूनच सुटी मूठ घ्यावी. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते. ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच विकत घ्यावी. मूळ मूठ मोडकी असली तरी मुळीच टाकू नये.