अर्धवट दुरुस्त केलेली फियाट विकायची कशी?

प्रश्न : वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट पूर्ण खोलून पत्र्याचं काम सुरू केलं होतं. आता पैसे आणि वेळ, दोन्ही पुरत नाहीत. घाईने रंग मारून विकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : रंग अजिबात मारू नका. जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाखाली लांबी किती भरली आहे, याचीच आधी शंका घेतं. उघडा पत्रा, वेल्डिंग केलेला फ्लोअर, खालचे सिल त्याला डोळ्यांनी पाहू द्या; तीच तुमची जमेची बाजू आहे.

खरी किंमत सुट्या भागांत असते. ग्रिल, क्रोम पट्ट्या, मीटर, काचा, दरवाजांची हँडल्स एकेका पिशवीत घालून चिठ्ठ्या लावा. जे हरवलंय त्याची वेगळी यादी द्या. इंजिन बंद असलं तरी हाताने फिरतं का, ते दाखवा. कोणी फक्त ग्रिल किंवा मीटर मागेल, देऊ नका. मग उरलेल्या गाडीला भंगाराचाच भाव येतो.

आरसी, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, हे आजच तपासा. नोंदणीची मुदत संपली असेल तर किंमत ठरवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करा. गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे; ती मूळ रूपातली असेल तर नव्या मालकाला विंटेज नोंदणीचा मार्ग खुला आहे. फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलल्याखेरीज गाडी सोडू नका. तोवर कायद्याने मालक तुम्हीच.

खर्चाच्या पावत्या जरूर दाखवा, पण त्यांच्या बेरजेएवढी किंमत मागू नका. तेवढी मिळत नाही.