पहिली आवृत्ती कशी ओळखावी?



या वेळचा पाठ पुस्तकातल्या एका पानाचा आहे, जे सहसा कोणी वाचत नाही. शीर्षकपानाच्या मागे प्रकाशक, मुद्रक आणि साल छापलेले असते. जुन्या पुस्तकांचे संग्राहक आधी तेच पान उघडतात.

मराठी पुस्तकात तिथे 'पहिली आवृत्ती' आणि साल असते. पुस्तक पुन्हा छापले की खाली 'दुसरी आवृत्ती' किंवा 'पुनर्मुद्रण' अशी भर पडते. नुसता शक दिला असेल तर ७८ मिळवा : शके १८८१ म्हणजे साधारण १९५९.

इथल्या इंग्रजी पुस्तकांत बहुधा आकड्यांची ओळ असते. नव्या छपाईला सर्वांत लहान आकडा काढतात. १ शिल्लक असेल तर छपाई पहिली. जून १९९७ मध्ये पहिल्या 'हॅरी पॉटर'च्या पुठ्ठा बांधणीच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. त्यांत पान ५३ वरच्या यादीत जादूची छडी चुकून दोनदा आली आहे. आम्ही संगणकवाले चूक दिसली की दुरुस्त करतो. संग्राहक तीच शोधतो!

आता थोडा तर्क. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, तिला ज्ञानपीठ १९७४चे. मग मुखपृष्ठावर ज्ञानपीठाचा उल्लेख असलेली प्रत पहिल्या आवृत्तीची असेल का? भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीने काढली. म्हणून पॉप्युलर प्रकाशनाची प्रत नंतरची.

संग्राहकाला प्रत कोरी करकरीत हवी : वेष्टन शाबूत, कणा सरळ, पानांवर डाग नाहीत. फाटले तर चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते. इथल्या ओलीत पुस्तके माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

भारतात आजी-आजोबांचे घर आवरताना पुस्तके किलोवर रद्दीत जातात. त्याआधी ते एक पान पाहावे, एवढीच आमची विनंती. आत आजोबांची सही असेल तर बाजारात किंमत उतरते. आम्ही मात्र अशी प्रत सहीसकट जपतो आणि वाचायला दुसरी साधी प्रत घेतो, कारण न वाचलेली कादंबरी नुसती जपून काय उपयोग?

शब्दार्थ : आवृत्ती – एका वेळी छापून काढलेले पुस्तक, वेष्टन – पुठ्ठ्यावरचे सुटे कागदी आवरण, कणा – पुस्तकाची शिवलेली बाजू.

गृहपाठ : घरातल्या पाच मराठी पुस्तकांचे प्रकाशक, साल आणि आवृत्ती वहीत लिहून आणा.