नवव्या महिन्यांतील सिद्धता

बाळंतविडा शिवून तयार असतो. परंतु रात्रीं कळा लागल्यास वाहन कोठून आणावें, हें पुष्कळ घरीं ठरलेलें नसतें. मग वडील माणसांची संमति, पैसा व गाडी यांच्या शोधांत वेळ जातो. ह्या विलंबानें माता दगावतात. म्हणून, वाचकहो, निर्णय आजच करा असें आम्ही सांगतों.

३७ आठवडे भरले कीं प्रसूति केव्हांहि होऊं शकते. तपासणीचें कार्ड व स्वच्छ धुतलेलीं लुगडीं पिशवींत भरून ठेवावीं. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते; तरी गांवांतील एका गाडीवाल्यासहि सांगून ठेवावें. सरकारी रुग्णालयांतील प्रसूति २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें विनामूल्य आहे.

बाळ लहान राहावें म्हणून गर्भिणीस अर्धपोटीं ठेवणें हें अज्ञान होय. तिला थोडें थोडें, पण वेळोवेळीं खाऊं घालावें.

रक्त जाणें, पाणी जाणें, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास कोणाच्याहि परवानगीची वाट न पाहतां निघावें. ही परवानगी आजच देऊन ठेवणें, हीच घरांतील वडिलांची खरी सिद्धता होय.