मागच्या सीटसाठी स्क्रीन : छताला की हेडरेस्टला?

प्रश्न : आमच्याकडे सात आसनी अर्टिगा आहे. दर मे महिन्यात आम्ही चिंचवडहून गुहागरला जातो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. दोन तास झाले की मागे भांडणं सुरू होतात. म्हणून या वेळी मधल्या रांगेसाठी व्हिडिओ स्क्रीन बसवून घ्यायचा विचार आहे. ॲक्सेसरीवाला म्हणतो, छताला एकच मोठा लावा. मैत्रीण म्हणते, हेडरेस्टला दोन लाव. काय घ्यावं आणि बसवताना काय पाहावं? मधल्या रांगेत मुलांबरोबर सासूबाईही बसतात.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : छताचा स्क्रीन घेऊ नका. बहुतेक अर्टिगांत मधल्या रांगेचा एसी छतालाच असतो, पुढच्या सीटांच्या जरा मागे. खाली उघडणाऱ्या स्क्रीनची जागाही नेमकी तीच. म्हणजे तो एक तर एसीच्या झोताला आडवा येणार, नाहीतर मागे सरकून मुलांच्या कपाळाजवळ येणार. शिवाय उघडला की आतल्या आरशातून दिसणारी मागची काच झाकली जाते. घाटात मागून एसटी येत असताना गाडी चालवणाऱ्याला ती काच दिसायलाच हवी.

छताच्या स्क्रीनची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. 1999 साली ओल्डस्मोबिल सिल्हूट प्रीमियर या मिनिव्हॅनमध्ये कंपनीनेच व्हीएचएस कॅसेट प्लेअर आणि छतातून उघडणारा छोटा पडदा दिला होता. पण तिथे त्याची जागा कारखान्यातच ठरलेली होती. आपण नंतर बसवतो तेव्हा छताचं लायनिंग कापावं लागतं. नुसतं लायनिंग स्क्रीनचं वजन पेलत नाही, म्हणून आतल्या पत्र्याच्या आडव्या पट्टीत स्क्रू मारावे लागतात. आणि वायर खाली आणायची ती खिडक्यांच्या वरच्या कडेने. गाडीला कर्टन एअरबॅग असतील तर त्या तिथेच घडी घालून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावरून वायर गेली तर अपघाताच्या क्षणी बॅग नीट उघडणार नाही. फिटिंगवाल्याने कुठलंही पॅनेल उघडलं आणि आत पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कपलर दिसला, तर काम तिथेच थांबवायला सांगा. ती एअरबॅगची लाइन असते.

तेव्हा हेडरेस्टच. त्यातही मूळ हेडरेस्ट काढून स्क्रीनवालं नवं हेडरेस्ट बसवू नका. मागून धडक बसली तर मान झटकण्यापासून वाचवतं ते कंपनीचं हेडरेस्ट, त्याची उंची आणि मजबुती तपासलेली असते. हेडरेस्टच्या दोन्ही दांड्यांना धातूच्या ब्रॅकेटने आवळून बसणारे दहा-अकरा इंची स्क्रीन मिळतात, ते घ्या. इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टॅब अडकवणारे स्वस्त होल्डर मात्र नकोत. ताशी 60 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी अचानक थांबली, तर सुटलेला अर्धा किलोचा टॅब त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग 14 मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेल्या वस्तूचा असतो. आणि पुढे तुमच्या घरातल्यांचीच डोकी आहेत.

घरातला टॅब वापरू नये याला दुसरंही कारण आहे. त्यात लिथियमची बॅटरी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग आपल्याला धरवत नाही, तिथे ती बॅटरी फुगू शकते. गाडीसाठी बनवलेल्या स्क्रीनमध्ये बहुधा बॅटरी नसते, तो थेट गाडीच्या 12 व्होल्टवर चालतो. दुकानात विचारून खात्री करा.

आता वायरिंग. खरी काळजी घ्यायची ती इथेच, आणि दुकानात ते दहा मिनिटांत उरकतात. माझ्या आधीच्या गाडीत फिटिंग करणाऱ्या मुलाने लायटर सॉकेटची वायर ब्लेडने सोलली, तिच्यावर स्क्रीनची वायर पिळली आणि काळी टेप गुंडाळली. हिवाळाभर सगळं ठीक चाललं. मे महिन्यात डॅशबोर्डखालच्या उष्णतेने टेपचा गोंद पाघळला, टेप निसटली, उघडी तार पत्र्याला टेकली. पाटणच्या पुढे फ्यूज उडाला, आणि त्यावर चालणारं मोबाइलचं चार्जिंगही बंद पडलं. मी खाली वाकून हात घातला तेव्हा बोटांना डांबरासारखा चिकटा लागला होता. घाटाच्या तोंडाशी मुलांना घेऊन थांबायची वेळ आली.

म्हणून दुकानात शिरतानाच सांगा : एकही वायर कापायची किंवा सोलायची नाही. तुमच्या मॉडेलला मधल्या रांगेत सॉकेट असेल तर स्क्रीन तिथेच लावा, प्रश्न मिटला. नसेल तर फ्यूज बॉक्समधून ‘फ्यूज टॅप’ने लाइन घ्यायला सांगा. हा छोटा कपलर जुन्या फ्यूजच्या जागी बसतो आणि त्यात नव्या लाइनचा वेगळा फ्यूज असतो. साधारण 12 वॉटचा एक स्क्रीन एक अँपिअर घेतो, दोघांचे दोन. त्यांना 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो, दुकानदार हाताला लागेल तो 15 चा टाकतात तो नको. आणि ही लाइन चावी फिरवल्यावरच चालू होणारी हवी. कायम चालू असलेल्या लाइनवर दोन्ही स्क्रीन रात्रभर सुरू राहिले तर बारा तासांत 24 अँपिअर-तास खर्च होतात, आणि सकाळी गाडीला जम्प स्टार्ट द्यावा लागतो.

वायर कापली तर विजेच्या बिघाडावरची वॉरंटी कंपनी नाकारू शकते. महागडे स्क्रीन असतील तर विमा कंपनीलाही कळवा. अशा वस्तूंसाठी त्यांच्या किमतीच्या साधारण 4 टक्के वेगळा प्रीमियम असतो, तो भरला नसेल तर नुकसानभरपाई मिळत नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण मुलांना गाडी लागते का? ताम्हिणीने गेलात काय किंवा उंब्रजवरून कुंभार्लीने, वळणं चुकत नाहीत. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, आणि स्क्रीनवर खिळलेले डोळे सांगतात की समोरचं चित्र जागेवर आहे. हा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात आली. म्हणून ब्रॅकेट जितकं वर सरकेल तितकं सरकवा. मान वर राहिली तर खिडकीबाहेरचं थोडं तरी डोळ्यांत येतं. आणि घाट सुरू होताना स्क्रीन बंद. हा नियम निघण्याआधी घरीच ठरवा, घाटात ठरवायला गेलात तर रडारड होईल. कार्यक्रम आधीच डाउनलोड करून ठेवा, घाटात नेटवर्कचा भरवसा नाही.

मुलांसाठी आवाजाची मर्यादा असलेले हेडफोन घ्या, म्हणजे गाडीचे स्पीकर सासूबाईंच्या अभंगांना मोकळे राहतील. आणि स्क्रीन जवळून दिसावा म्हणून मुलं बेल्ट सोडून पुढे सरकतात, तिकडे लक्ष असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब नुसार 1000 रुपये दंड आहे. अचानक ब्रेक लागला तर त्या मुलाचं तोंड थेट स्क्रीनच्या कडेवर आपटेल. धाकट्याला बूस्टर सीटवर बसवलंत तर त्याची नजर आपोआप स्क्रीनच्या पातळीला येते, त्याला पुढे सरकावं लागत नाही.

फिटिंग प्रवासाच्या आदल्या दिवशी करू नका, आठवडाभर आधी करा. मग एखाद्या रविवारी मुलांना घेऊन कामशेतपर्यंत जाऊन या. गतिरोधकांवर ब्रॅकेट हलतं का ते पाहा, आणि परत आल्यावर इंजिन बंद करून फ्यूज बॉक्सजवळच्या नव्या वायरीला हात लावा. ती गरम लागली तर गाडी तशीच दुकानात न्या.