सूर्या बोनाली : गुण, नियम आणि एक उडी

धावण्याच्या शर्यतीचा निकाल घड्याळ देते. उंच उडीचा निकाल मोजपट्टी देते. फिगर स्केटिंगचे तसे नाही. पोलादी पात्यांवर बर्फावरून घसरत, उड्या व गिरक्या घेत खेळाडू जे सादर करतो, त्याला परीक्षक गुण देतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुक्त सादरीकरणासाठी प्रत्येक परीक्षक दोन गुण देत असे : एक तांत्रिक कौशल्याचा, दुसरा कलात्मकतेचा, दोन्ही सहापैकी. या दुसऱ्या गुणात परीक्षकाची अभिरुची, आणि तिच्यासोबत पूर्वग्रहही, सहज शिरू शकत. फ्रान्सच्या सूर्या बोनालीची कारकीर्द अभ्यासताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

सूर्याचा जन्म १९७३ साली नीस येथे झाला. नावावरून ती भारतीय वाटावी. परंतु ती कृष्णवर्णीय फ्रेंच मुलगी, आणि तान्हेपणी तिला दत्तक घेणाऱ्या श्वेतवर्णीय दांपत्याने तिचे हे नाव ठेवले. तिची आई शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. जिम्नॅस्टिक्समधून आल्यामुळे सूर्याच्या उड्यांत विलक्षण ताकद होती. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे ती युरोपची विजेती ठरली. १९९२ च्या आल्बेरव्हील ऑलिंपिकमध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान तिला मिळाला.

जागतिक विजेतेपद मात्र तिला कधीच लाभले नाही. १९९३, १९९४ व १९९५ अशी तिन्ही वर्षे रौप्यपदकच. तिच्यात ताकद आहे, पण लालित्य नाही, असे वारंवार म्हटले जाई. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. तिच्या घसरण्यात पुरेसा ओघ नसे, हे निःपक्षपाती जाणकारही सांगतात. परंतु लालित्य म्हणजे काय, हे ठरविणाऱ्यांच्या मनातील स्केटिंगपटूची प्रतिमा गोरी व नाजूक होती, हेही तितकेच खरे.

१९९४ साली जपानमधील चिबा येथे ती यजमान देशाच्या युका सातोकडून अगदी थोडक्यात हरली. पदकप्रदानाच्या वेळी ती प्रथम चौथऱ्यावर चढलीच नाही. पुढे गळ्यात घातलेले पदक तिने काढून ठेवले. प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली. सातोचे सादरीकरण उत्कृष्ट होते, आणि तिच्या आनंदाच्या क्षणी हे घडावयास नको होते, असे माझे मत आहे. तथापि त्या अश्रूंमागे अनेक वर्षांची साठलेली व्यथा होती.

१९९६ मध्ये तिच्या टाचेमागील स्नायुबंध तुटला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला ती उतरली तेव्हा शरीर पूर्वीसारखे राहिले नव्हते. पदक हाती लागणार नाही हे दिसताच मुक्त सादरीकरणात तिने हवेत मागे कोलांटी घेतली आणि ती एका पायावर उतरली. ही कोलांटी अमेरिकेच्या टेरी कुबिका याने १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये केल्यानंतर लगेच निषिद्ध ठरविण्यात आली होती. ती धोकादायक आहे, हे एक कारण; स्केटिंगची उडी एका पायावर उतरावी आणि ही दोन पायांवर उतरते, हे दुसरे. सूर्याने दुसऱ्या कारणाचे उत्तर बर्फावरच दिले. शेवटी परीक्षकांकडे पाठ करून तिने प्रेक्षकांना अभिवादन केले. तिचा क्रमांक दहावा लागला.

त्यानंतर ती व्यावसायिक प्रयोगांकडे वळली. तेथे परीक्षक नव्हते, आणि तीच कोलांटी पाहण्यासाठी लोक तिकीट काढून येत. आंतरराष्ट्रीय संघटनेने कोलांटीवरील बंदी २०२४ साली उठविली.