कोंबड्या खुराड्यात का जाईनात?



आमच्या घरी पाच कोंबड्या व एक कोंबडा आहे. दसऱ्याला कोंबड्या सहा होत्या. सहावीचे नाव तांबडी. ती कशी गेली आणि आम्ही त्यातून काय शिकलो, ते मी लिहीत आहे. आमचे गाव मंगळवेढा तालुक्यात आहे. गावात पुष्कळ घरी कोंबड्या आहेत, म्हणून ही माहिती सर्वांना उपयोगी पडेल.

कोंबडी हा दिवसा फिरणारा पक्षी आहे. घुबडाला रात्री चांगले दिसते, तसे कोंबडीला दिसत नाही. अंधार पडला की ती जागच्या जागी बसून राहते. म्हणून ती उजेड आहे तोवरच बसायची जागा धरते. गुरुजींनी सांगितले की, आपल्या कोंबड्या जंगलातल्या लाल रानकोंबड्यांपासून झाल्या. रानकोंबड्या रात्री झाडाच्या फांदीवर झोपतात, कारण खाली कोल्हा व रानमांजर फिरतात. उंचावर बसायची ती सवय आपल्या कोंबड्यांना अजून आहे.

कोंबडीला घड्याळ कळत नाही, पण उजेड कळतो. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि जूनमध्ये सातच्या सुमारास मावळतो. कोंबड्या पण तशाच लवकर किंवा उशिरा घरी येतात. 16 फेब्रुवारी 1980 रोजी दुपारी मोठे सूर्यग्रहण झाले होते. ते कर्नाटकात रायचूरला खग्रास दिसले. आपल्याकडे खंडग्रास होते. माझी आजी तेव्हा लहान होती. ती सांगते, "दुपारचंच अंधारून आलं. आमाला घरात कोंडलं हुतं. दाराच्या फटीतनं बघतो तर कोंबड्या खुराड्याकडं निघालेल्या!"

म्हणजे दिवस मावळताना घरी येणे हा कोंबडीचा स्वभावच आहे. मग आमच्याच कोंबड्या आत का जाईनात?

दसरा झाला आणि हे सुरू झाले. कोंबड्या दारापर्यंत यायच्या, आत मान घालायच्या आणि मागे फिरायच्या. मग उडून लिंबाच्या झाडावर बसायच्या. मी काठी घेऊन मागे पळायचे. एक आत गेली की दोन बाहेर. दादा म्हणायचा, "लई माजल्यात." मी तांबडीला दोनदा खडा मारला. त्याचे मला आता वाईट वाटते.

एका रात्री लिंबावर फडफड झाली. बाबा बॅटरी घेऊन पळत गेले, पण रानमांजर निसटले. सकाळी झाडाखाली तांबडीची पिसे पडली होती. ती अंडी घालत होती. अंड्यांच्या पैशातून आजी मला वह्या घेते. आजीने पिसे गोळा करून उकिरड्यात पुरली. ती मला काही बोलली नाही.

संध्याकाळी मी परत काठी घेतली. तेव्हा आजी म्हणाली, "काठी ठिव पोरी. मुकं जनावर उगं भीत न्हाई. आत काय हाय ते बघू आधी."

दिवसा बघितले होते तेव्हा खुराडे साफ दिसले होते. रात्री बॅटरी लावून बघितले तर फळीच्या फटीतून टाचणीच्या टोकाएवढे किडे बाहेर आले होते. आजीने पांढरे फडके फटीवरून फिरवले. फडक्यावर लाल डाग पडले. ते रक्त होते. आजी त्यांना पिसवा म्हणते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले की, हे गोचिडीच्या जातीचे किडे आहेत. ते दिवसा फटीत लपतात व रात्री कोंबडीचे रक्त पितात. म्हणून कोंबड्या आत जायला भीत होत्या. आम्ही त्यांनाच मारत होतो.

आम्ही पुढीलप्रमाणे केले.

1. खुराड्यातला सगळा भुसा काढून घरापासून लांब जाळला.

2. फळ्या काढून त्यांवर उकळते पाणी ओतले व दोन दिवस कडक उन्हात ठेवल्या. तोवर कोंबड्या घरात डालग्याखाली ठेवल्या.

3. भिंतीच्या फटी शेणमातीने बुजवल्या व आतून चुना लावला.

4. कोंबड्यांना राखेत लोळायला दिले. फवारायचे औषध डॉक्टरांना विचारूनच आणले, कारण आपण अंडी खातो.

5. आठ दिवसांनी परत सगळे साफ केले. कारण किड्यांची अंडी राहिली तर पुन्हा किडे होतात.

6. आत बाभळीची दांडी थोडी उंच बसवली, म्हणजे कोंबड्यांना फांदीसारखे बसता येते.

तरी पण कोंबड्या लगेच आत गेल्या नाहीत. त्यांना झाडाची सवय लागली होती. मग रोज अंधार पडल्यावर बाबा त्यांना झाडावरून अलगद काढायचे आणि दांडीवर नेऊन बसवायचे. अंधारात त्या पळत नाहीत. दिवस मावळायच्या आधी मी मूठभर ज्वारीच्या कण्या खुराड्यात टाकून "ती ती ती" अशी हाक मारायचे. पाचव्या दिवशी कोंबडा व दोन कोंबड्या आपणहून आत गेल्या. दहाव्या दिवशी सगळ्या गेल्या. काठी लागली नाही.

पालकांनो, तुमच्या कोंबड्या आत जात नसतील तर त्यांना मारू नका. रात्री बॅटरी व पांढरे फडके घेऊन खुराड्यात बघा. आम्ही आधी बघितले असते तर तांबडी वाचली असती.

आता दार लावण्याआधी मी रोज मोजते. एक, दोन, तीन, चार, पाच आणि कोंबडा. मग फळी लावते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी