विहाराच्या कुंपणाला करवंद लावा



वैशाख पौर्णिमेच्या सुमारास बाजारात पानांच्या द्रोणांतून करवंदं येतात. "डोंगरची काळी मैना" ही आरोळी आपल्या आयांनी ऐकलेली आहे. कित्येकींनी डोंगरातून करवंदं वेचून आणून स्वतः विकलीही आहेत. करवंद फोडून कोंबडा निघाला की कोंबडी, हा खेळ कुणाला आठवत नाही? हीच जाळी वस्तीत लावता येते. हिरवीगार पानं, उन्हाळ्यात पांढरी सुवासिक फुलं, नंतर फळं आणि शिवाय काटेरी कुंपण.

हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. शोभेसाठी, गुरं खात नाहीत म्हणून आणि पाणी कमी लागतं म्हणून आपण विहाराभोवती, अंगणवाडीजवळ कण्हेर किंवा पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, लावतो. दोन्ही झाडं विषारी आहेत. मी वॉर्डात असताना बिट्टीचं फळ खाल्लेलं एक लेकरू आणलं होतं. उलट्या होत होत्या आणि नाडी फार मंद लागत होती. ते वाचलं, पण ती रात्र मी विसरलेले नाही. बिट्टीचं फळ आधी हिरवं असतं, मग काळं पडतं. मुलाला त्यात करवंद दिसू शकतं. चीक तिन्ही झाडांना पांढराच, कारण तिघंही एकाच कुळातली. खूण काट्यांची: करवंदाला टणक काटे असतात, कण्हेर आणि बिट्टीला नसतात. मुलाने असं काही खाल्लं तर मीठपाणी पाजून ओकवत बसू नका. झाडाची डहाळी आणि फळ सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा.

आता लागवड. पूर्ण पिकलेल्या फळाचं बी धुऊन लगेच पेरा, जुनं बी सहसा रुजत नाही. रोप वीतभर झालं की पावसाळ्यात जमिनीत लावा. जागा नसेल तर तळाला भोकं पाडलेला तेलाचा डबा चालेल, रंगाचा किंवा औषधाचा नको. ऊन भरपूर हवं. बियांच्या झाडाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. घाई असेल तर रोपवाटिकेतून कलम आणा. फळं संपली की छाटणी करा. येण्याजाण्याच्या वाटेवर मात्र लावू नका. काटा खोल रुतला तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

करवंदात क जीवनसत्त्व असतं. भाकरी-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. म्हणून जेवणासोबत करवंदाची चटणी घ्या, आणि जेवणावर लगेच चहा टाळा. रक्त कमी असलेल्या बाईने यावर विसंबून लोहाच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत. केकवरची लालभडक 'चेरी' पुष्कळदा साखरेत मुरवून रंगवलेलं करवंदच असतं. ती मुलांना देण्याची गरज नाही.

विहारातली कण्हेर काढताना हातमोजे घाला. फांद्या जाळू नका, धूरही बाधतो. खड्ड्यात पुरा, आणि त्या जागी यंदाच्या पावसात करवंद लावा.